आधी सावली, मग सूर

शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप घालून बर्टालान पिरोश्काबाईंच्या घराकडे निघाला, तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त त्यांच्या हातच्या खसखशीच्या रोलचा विचार होता. काम साधंच होतं. बाईंचे यजमान अंताल रेव्हेस हे सेगेद गावाचे मोठे पियानोवादक. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. बाईंकडे टेपची दोन रिळं होती, दोन्हींवर एकाच सोनाटाचा मधला संथ भाग. त्यांतलं रेकॉर्डवर घालण्याजोगं कोणतं, एवढंच सांगायचं होतं.

आणि ते सांगायला बर्टालानशिवाय दुसरं होतं कोण? संगीतशाळेत तो कधी गेला नव्हता. जुन्या रेकॉर्डी विकता विकता त्याचा कान तयार झाला, आणि असा झाला की व्हिएन्नाचे व्यापारी माल उचलण्याआधी त्याला ऐकवून जात. दर शुक्रवारी दुकानात बैठक जमे. त्याचा दोस्त कालमान लेबल झाकून तबकडी लावी आणि म्हणे, "बोला महाराज!" बर्टालान डोळे मिटून सांगत जाई. माईक कुठं ठेवलाय, पियानोचं झाकण किती उघडं आहे, कुठं टेप कापून जोडलीय. एकदा तो म्हणाला, "या वादकाला सर्दी झालीय." कालमान हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. पुढे तो वादकच गावात आला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "सर्दी होतीच, वर तापही होता."

"ताप टेपवर येत नाही," बर्टालान म्हणाला होता. "नाहीतर तोही सांगितला असता."

तिसा नदीवरून धुकं वर चढत होतं. बाईंनी दार उघडलं आणि त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं. टेपरेकॉर्डर तिथंच मांडला होता. बोळाच्या पलीकडे पियानोची खोली होती. तिला कुलूप होतं. दाराखालच्या फटीतून लाकडाचा, लोकरीचा, बंद हवेचा वास येत होता.

"सोमवारी पियानो न्यायला माणसं येतायत," बाई म्हणाल्या. "गालिचे, पडदे उन्हाळ्यातच विकले. खोली अगदी बोडकी झालीय. पण त्याआधी तुम्ही ऐका. आणि जे ऐकाल ते सगळं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका."

"बाई, माझं दुकानच खरं बोलण्यावर चालतं."

पहिलं रीळ फिरू लागलं. बर्टालाननं डोळे मिटले आणि छाती फुगवली.

"खिडकी उघडी होती. माईक खोलीच्या मधोमध. खाली जाड गालिचा, म्हणून मंद्र सूर मऊ लागतायत. आणि ही सावली ऐकलीत?"

"कसली सावली?"

"टेप वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. मग सूर यायच्या क्षणभर आधी त्याचा पुसट ठसा ऐकू येतो. आधी सावली, मग सूर. म्हणजे टेप जुनी. वाजवणारे अंतालच, त्यात शंका नाही. उजव्या हाताची अनामिका नेहमीसारखी किंचित उशिरा पडतेय. आणि प्रत्येक ओळीआधी नाकातून तो श्वास, बारीक शिट्टीसारखा."

बाईंच्या ओठांवर हसू आलं. "त्या शिट्टीपायी मी लग्नाला नाही म्हणणार होते."

मग त्यांनी दुसरं रीळ चढवलं.

पहिल्या चार सुरांतच बर्टालान खुर्चीत पुढे सरकला. असं वादन त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. प्रत्येक सूर पाण्यात दगड सोडावा तसा खाली खाली उतरत होता, आणि त्यामागे शांतता मिटून येत होती. अनामिका वेळेवर पडत होती. पण शिट्टी तीच होती.

"हे... हेच रेकॉर्डवर घाला," तो म्हणाला.

"पुढे? सगळं सांगायचं ठरलंय."

"सावली नाही, बाई. एकाही सुराला नाही. टेप ताजी आहे. आणि खोली..." त्यानं बंद दाराकडे पाहिलं. "खोलीत गालिचा नाही. पडदे नाहीत. सूर भिंतीवर आपटून परत येतोय."

"गेल्या रविवारी मी यंत्र आत रेकॉर्डिंगला लावलं, दाराला कुलूप घातलं आणि चर्चला गेले," बाई शांतपणे म्हणाल्या. "भाच्याला ऐकवलं. तो म्हणतो, नुसती खरखर आहे. डॉक्टर म्हणाले, झोपेच्या गोळ्या घ्या. मग म्हटलं, या गावात एकच कान आहे. तो नाही म्हणाला, तर सोमवारी पियानो जाऊ दे."

शेवटचा सूर विरला. रीळ फिरतच होतं. बर्टालाननं हात यंत्राकडे नेला आणि तिथंच थांबवला.

त्या शांततेत एक पुरुषी आवाज होता. पुसट, भिंतीआडून यावा तसा. सावलीएवढाच.

"पियानो विकू नका, पिरोश्काबाई... आत अंतालच आहेत..."

आवाज बर्टालानचा होता.

त्यामागोमाग आणखी पुसट काहीतरी. त्याच्या दुकानाच्या दारावरची घंटी. आणि नाकातून घेतलेला एक श्वास, बारीक शिट्टीसारखा. मग टेप संपली आणि तिचं टोक फटफट आपटू लागलं.

"काय ऐकलंत?" बाईंनी विचारलं. शेवटच्या सुरानंतर त्यांना खरखरच ऐकू आली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

काही नाही म्हणणं किती सोपं होतं! रोल खायचा, जर्दाळूच्या दारूचा एक घोट घ्यायचा आणि घरी जायचं. ते वाक्य तोंडातून निघालंच नाही तर सावली खोटी ठरेल, आणि मागची ती घंटीही. पण एवढं अफाट वादन ऐकून ते ऐकलंच नाही म्हणायचं? बर्टालाननं? ऐकलेला सूर त्यानं आजवर कधी नाकारला नव्हता, आणि आता भीतीपायी नाकारायला तो काही कालमान नव्हता. त्यानं पाठ ताठ केली.

"पियानो विकू नका, पिरोश्काबाई... आत अंतालच आहेत..."

तेच शब्द. तेवढेच थांबे.

बाईंनी डोळे टिपले नाहीत. राणीसारख्या ताठ बसल्या. "आणि अनामिका?"

"आता उशिरा पडत नाही."

"पडेल कशी? चार वर्षं रियाज करतोय माझा माणूस."

पियानो राहिला. त्या दुपारची गोष्ट बर्टालान दर शुक्रवारी मान वर करून सांगू लागला. घंटीचा भाग तेवढा गाळून. ती घंटी त्यानं त्याच संध्याकाळी उतरवून तिसा नदीत टाकली होती.

"बिनघंटीचं दुकान!" कालमान कुरकुरायचा. "एक दिवस चोर तुलाच उचलून नेतील, महाराज."

परवाच्या शुक्रवारी बर्टालान मागच्या खोलीतून कॉफी घेऊन आला, तर कालमान दारापाशी स्टुलावर चढला होता. हातात पेचकस.

"कालमान! काय करतोयस?"

"तुझ्या वाढदिवसाची भेट. अस्सल पितळेची आहे, आवाज तर ऐक."

"काढ ती. आधी काढ!"

"अरे, लागलीसुद्धा." कालमान हात झटकत खाली उतरला आणि काउंटरपाशी आला. दार बंद होतं. दारापाशी कुणीच नव्हतं.

घंटी वाजली.

"वारा असेल," कालमान म्हणाला. मग त्यानं भुवया उंचावून बर्टालानकडे पाहिलं. "आणि तू नाकातनं शिट्टी कसली वाजवतोयस?"

बर्टालाननं तर श्वास रोखून धरला होता.