टॅपस्कॉटच्या घराचं मागचं दार

सायडर संपवा, पोरांनो, आणि गप ऐका. डेन्झिल टॅपस्कॉट तुमच्या ओळखीचा. त्याच्या शेतघराचं गवती छप्पर मीच शाकारलंय. मातीच्या हातभर जाड भिंती, मधून बोळ, बोळाच्या एका टोकाला पुढचं दार, दुसऱ्या टोकाला मागचं. अगदी समोरासमोर. डेव्हनमधली जुनी घरं बहुतेक अशीच.

आत्याच्या पाठी घर डेन्झिलकडे आलं. त्यानं मागचं दार काढून विटांनी बुजवलं, वर गिलावा केला. मी म्हटलं, "अरे, तुझी आत्या ते दार रात्रभर उघडं टाकायची. जाणाऱ्याला जाऊ द्यावं म्हणायची."

"आत्याला थंडी वाजत नव्हती, काका. माझ्या बायकोला वाजते," तो हसला. "जाणाऱ्यानं पुढच्या दारानं जावं की!"

गेल्या पाच नोव्हेंबरची, शेकोट्या-फटाक्यांच्या सणाची रात्र. गावात फटाके उडत होते. बायको, मॉर्वेना, तिकडेच होती. ठिणगी पडून छप्पर पेटू नये म्हणून डेन्झिल पाण्याची नळी घेऊन अंगणात राखणीला बसला होता. फटाके थांबले तसा तो आत आला, कडी घातली. पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं.

बोळात पावलं वाजली. जड, ओली. त्याला घासून पुढे गेली. बुजवलेल्या भिंतीपाशी थांबली.

मग थाप. एक. मग दोन्ही हातांनी. दणादण.

"कोण... कोण आहे?"

थाप थांबली.

पावलं वळली.

डेन्झिलनं पुढच्या दाराची कडी ओढली. निघेना. वरून छपरातली जुनी काजळी गळू लागली. डोळ्यांत. तोंडात. कानाशी श्वास आला.

"दार..."

"उघडतो! उद्याच फोडतो भिंत!"

"आत्ता."

मानगूट धरली. फरफटत नेलं... भिंतीकडे...

मॉर्वेना परतली तर दार आतून बंद. तिनं मला बोलावलं. डेन्झिल आम्हाला घरामागच्या सफरचंदाच्या बागेत सापडला. जिवंत. एका पायात बूट नव्हता. आता तो सासुरवाडीला राहतो, घराचं नाव काढत नाही.

त्या रात्री पुढचं दार मीच फोडलं. भिंत जशीच्या तशी, गिलाव्याला तडासुद्धा नाही. फक्त खाली, जमिनीलगत, गिलाव्यातून बुटाची नाडी बाहेर लोंबत होती. वीतभर.

मी हात लावला नाही.

परवा जाऊन पाहिलं. बोटभरच उरलीय.