पाखऱ्यासाठी शीळ

टेम्पो पंक्चर झाला तो नेमका पाथर्डी रोडवरच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर. याला कुणी योगायोग म्हणेल, कुणी नशीब... रोहिणी मात्र ‘आणखी एक कटकट’ म्हणाली. अख्खा हंगाम ऊस तोडून तिच्या अंगाचं पार चिपाड झालं होतं. आण्णा, म्हणजे तिचे वडील, ड्रायव्हरबरोबर चाक घेऊन स्टँडवर गेले आणि ती खाली उतरवलेल्या बैलांपाशी थांबली. तिचा जीव त्यातल्या पाखऱ्यात अडकला होता. कारखान्यावरून घराकडं निघाल्यापासून त्यानं ना पाण्याला तोंड लावलं होतं, ना तो मुतला होता.

दवाखान्याला कुलूप लावत असलेला डॉक्टर अंगद तिला बघून थांबला. दिवसभर लसी टोचून त्याचेही डोळे लाल झाले होते. तरी तिचं ऐकून तो आला, पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

“घाबरलाय हो. ते हादरे, हॉर्न... भीतीनं अंगात हार्मोन्स उसळतात, आतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग मूत्रपिंडं पाणी सोडत नाहीत. असंच राहिलं तर ती निकामी होतील.”

रोहिणीनं पाखऱ्याची मान कवटाळली. वासरू असल्यापासून त्याला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं.

“मग सुई मारा की!”

“सुईनं आणखी बिथरेल. आधी शांत होऊ दे. ओळखीचा आवाज कुणाचा आहे याला?”

“आण्णांच्या शिळंवर पितो त्यो.”

“एवढंच ना?” अंगदनं ओठ गोल केले. फुर्रर्र... नुसतीच हवा! पाखऱ्यानं मान फिरवली. रोहिणीला हसू फुटलं. आपण शेवटचं कधी हसलो, तिला आठवेना.

“हसताय काय? घाला तुम्ही.”

“बाईमानसानं शीळ घातल्यालं आण्णांना कळलं तर?”

“मी नाही सांगणार. आणि हा सांगेल असं वाटत नाही.”

तिनं पाठ फिरवली... आणि हळूच, लांब शीळ घातली. पाखऱ्याचे कान वळले. त्यानं पुढ्यातल्या पाण्याच्या बादलीत तोंड घातलं.

“आता मुतेपर्यंत वाट बघायची,” अंगद पायरीवर टेकत म्हणाला. मग तिच्या कोरड्या ओठांकडे त्याचं लक्ष गेलं. “तुम्ही कधी प्यालात पाणी?”

ती पदराशी चाळा करत राहिली. “पानी प्यालं की... जायाला लागतं. टेम्पोत समदी बाप्यामानसं. गाडी कुठं थांबवायची?”

तिच्याकडे न बघता त्यानं किल्ली पायरीवर ठेवली. “मागं बाथरूम आहे. आतून कडी लागते.” आणि उगाचच पाखऱ्याकडे गेला.

आत रोहिणीला रडूच आलं. बैल प्याले का, हे तिला रोज विचारलं जायचं. तू प्यालीस का, हे मात्र कुणीच कधी विचारलं नव्हतं.

ती परतली तेव्हा तो पाण्याचा तांब्या घेऊन उभा. ती घुटमळली, तसे त्यानं पुन्हा ओठ गोल केले — फुर्रर्र...

“हे काय वो?”

“पिणाऱ्यासाठी शीळ.”

तिनं हसत हसत तांब्या रिकामा केला. तेवढ्यात मागं पाखऱ्यानं धार सोडली, चांगली धो धो. दोघंही लाजून दुसरीकडे बघू लागले, आणि दोघांनाही हसू आवरेना.

आण्णा परतले, चाक बसलं, बैल चढले. तिनं विचारलं, “इकडच्या बाजाराला आलो की याला परत दाखवायला आनू?”

“गरज नाही. बरा झालाय.”

तिचा चेहरा उतरला.

“त्याला नका आणू,” त्याचा आवाज खाली आला. “तुम्ही या... मी वाट बघेन.”

ती मान खाली घालून म्हणाली, “यीन.”

टेम्पो निघाला. मागून तीच बेसूर शीळ आली.

“कोन रं त्यो?” आण्णा करवादले. “धड शीळबी येत न्हाई!”

रोहिणीनं बाटली उघडली आणि गटागटा पाणी प्यायली. घर अजून लांब होतं.