रागाचे नमुने

ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिच्या काखेत कीबोर्ड होता आणि दार तिने पायाने उघडलं होतं. प्रेमकथेच्या दृष्टीने सुरुवात काही फारशी आशादायक नव्हती.

दार होतं संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या नेटवर्क सुरक्षा विभागाचं. आत यंत्रांची अखंड घरघर, कपाटांत लुकलुकणारे हिरवे दिवे, आणि यंत्रांना उकडू नये म्हणून माणसांना गोठवणारा गारठा. त्या गारठ्यात मफलर गुंडाळून एक तरुण सफरचंद खात बसला होता. सगळी संस्था त्याला ‘कुलूप’ म्हणायची. एक तर त्याचं काम कुलपांचं, आणि दुसरं म्हणजे त्याचं तोंडही सहसा उघडत नसे.

“तो ‘पहारेकरी’ प्रोग्राम तुमचा का?” तिने विचारलं.

“हो. बसा ना.”

“बसायला नाही आले. भांडायला आलेय.”

“बसून भांडलात तरी चालेल… खुर्ची एकच आहे, मी उभा राहतो.”

तो खरंच उठला. त्यामुळे ती जास्तच चिडली. समोरचा सभ्य निघाला की भांडणाचा निम्मा उत्साह तिथेच गळतो, आणि तिने तर तो चार मजले उतरताना काळजीपूर्वक सांभाळून आणला होता.

ती वरच्या मजल्यावर काम करायची. यंत्रासमोर बसलेला माणूस कुठे अडखळतो, कुठे गोंधळतो, कुठे चिडतो, याचं संशोधन करणारा तिचा विभाग. तिथे तिला ‘ठिणगी’ म्हणत. चिडलेल्या माणसांचा अभ्यास करता करता ती अशी झाली, की अशी होती म्हणून तिला हा अभ्यास मिळाला, याबद्दल विभागात दोन पक्ष होते.

संस्थेने एका मोठ्या रुग्णालयासाठी ऑनलाइन नोंदणीची प्रणाली तयार केली होती. घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, तपासण्यांचे अहवाल बघायचे. ती वापरून बघायला ठिणगीने त्या सकाळी काही वयस्कर मंडळी बोलावली होती. त्यांत तिची मावशीही होती. सगळ्यांनी चष्मे पुसले, एकेक अक्षर शोधून दाबायला सुरुवात केली… आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकदम लाल अक्षरं उमटली — ‘अनधिकृत प्रयत्न. आपली नोंद घेण्यात आली आहे.’

“एक आजोबा हात वर करून उभे राहिले!” ठिणगी कडाडली. “आणि माझी मावशी! जन्मभर भूगोल शिकवला तिने. मुलांना बाकावर उभं करण्यात हयात गेली, आणि आज तुमच्या पहारेकऱ्याने तिला चोर ठरवलं!”

“त्यांनी टाइप कसं केलं?”

“कसं म्हणजे? म्हाताऱ्या माणसांसारखं!”

“दाखवा ना.”

ती बसली. काखेतला कीबोर्ड त्याच्या यंत्राला जोडला आणि दाखवलं — एक अक्षर, मोठा थांबा, दुसरं अक्षर, ते चुकीचं, मग खोडणं, मग चष्मा वर करून पुन्हा पहिलं. तो वाकून बघत राहिला. सफरचंद हातातच राहिलं.

“पहारेकरी चुकला,” तो म्हणाला.

“काय?”

“चुकला. दोष त्यांचा नाही, माझा आहे.”

सुरक्षा विभागातून हे वाक्य तोवर कुणाच्या कानावर आलं नव्हतं. तिच्याकडे अजून पुष्कळ बोलायचं शिल्लक होतं, आणि ते घेऊन आता जायचं कुठे, हा प्रश्न पडला. शेवटी ती नुसतीच “मग… दुरुस्त करा!” असं ओरडली आणि निघाली. कीबोर्ड तिथेच विसरला. तो आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

पहारेकरी म्हणजे कुलपाचं लाडकं अपत्य. पासवर्ड चोरता येतो, हात चोरता येत नाहीत, हा त्याचा सिद्धांत. प्रत्येकाची टाइप करण्याची एक चाल असते — कळ किती वेळ दाबून ठेवतो, दोन कळांमध्ये किती थांबतो. त्या चालीवरून पहारेकरी माणूस ओळखायचा.

“इथे काहीतरी लिही,” त्याने तिला एकदा सांगितलं. एव्हाना ‘तुम्ही’ कधीतरी गळून पडलं होतं. “तुझे हात त्याच्या ओळखीचे होऊ देत.”

“काय लिहू?”

“काहीही. तो शब्द बघत नाही, हात बघतो.”

तिने एक तक्रार लिहिली. विषयांची टंचाई नव्हतीच. पुढच्या खेपेला दुसरी लिहिली. लाल रंग का? ‘अनधिकृत’ हा शब्द सत्तरीतल्या माणसाला सांगण्यासारखा आहे का? चुकलेल्याला धमकी कशाला? ती कळांवर बोटं आपटायची, आणि तो शेजारी बसून ऐकायचा. हो, शेजारी बसून. दुसरी खुर्ची कधी आली, ते दोघांनीही विचारलं नाही.

“तुला माझा राग येत नाही का रे?” तिने विचारलं.

“येतो ना.”

“मग दिसत का नाही?”

“कुलूप आहे.”

ती हसू दाबण्यासाठी खिडकीकडे वळली. त्या खोलीला खिडकी नव्हती. मग ती बराच वेळ भिंतीकडे बघत उभी राहिली.

एके दिवशी पडद्यावरचं लाल वाक्य नाहीसं झालं. त्या जागी तिने तावातावाने सुचवलेलं वाक्य होतं, शांत निळ्या अक्षरांत — ‘बोटांना घाई नाही. पुन्हा करून पाहा.’ तो नुसता मफलर सारखा करत राहिला. ती काही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत ही बातमी होती.

रुग्णालयाच्या मंडळींसमोर पहारेकऱ्याचं प्रात्यक्षिक ठरलं होतं; त्याच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्या घरी आला — मावशीच्या हातांचे नमुने घ्यायला. मावशीने सुजलेल्या बोटांनी शेजाऱ्यांच्या कुत्र्याविरुद्ध सविस्तर निवेदन टाइप केलं आणि मग चष्म्यावरून त्याला न्याहाळलं.

“कुलूप म्हणतात ना रे तुला? किल्ली कुणाकडे असते?”

“मावशी!” ठिणगी ओरडली.

“तुला कुठे विचारलं? मी भूगोलाची बाई. कुठली नदी कुठे मिळते, एवढं मला नकाशा न बघता कळतं.”

फाटकापाशी तो थांबला. फाटकाचा कोयंडा उगाचच तीनदा लावला, काढला.

“उद्याचं पार पडलं की… एक बोलायचंय.”

“आत्ता बोल.”

“उद्या.”

“अरे, पण —”

“उद्या,” तो म्हणाला, आणि तिच्या ओढणीला अडकलेलं वाळलेलं पान हळूच काढून स्वतःच्या खिशात टाकलं. पान खिशात टाकण्याचं तसं काही कारण नव्हतं.

सकाळी ती उठली ती गुणगुणतच. दूध उतू गेलं, तरी कुणावर खेकसली नाही. मावशीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सभागृहात संस्थेचे संचालक होते, रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरबाई होत्या, त्यांची माणसं होती. आज पसंत पडलं, तर पहारेकरी सोमवारपासून रुग्णालयाच्या दारात बसणार होता. नमुने सगळ्यांत जास्त ठिणगीचे, म्हणून पुढे तिलाच बसवलं. तिने त्याच्याकडे एक चोरटी नजर टाकली, आणि पासवर्ड अलगद… पियानोवर बोटं फिरवावीत तसा टाइप केला.

‘बोटांना घाई नाही. पुन्हा करून पाहा.’

ती हसली. पुन्हा केला. पुन्हा तेच.

“जी मुलगी रोज तुमच्या खोलीत असते, तिलाच तुमचं यंत्र ओळखत नाही?” संचालक म्हणाले. सभागृहात कुणीतरी खोकलं. यंत्राबद्दल खोकलं की ‘रोज’बद्दल, ते कळलं नाही.

कुलूप तिच्या खुर्चीपाशी वाकलं. आधी त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे — आणि त्याचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला.

“तुला… आज राग आलेला नाही,” तो पुटपुटला.

“म्हणजे?”

“तुझे सगळे नमुने रागातले आहेत. सगळे. त्याला ही तू माहीतच नाहीस.”

“म्हणजे इतके दिवस,” तिचा आवाज चढू लागला, “तू मला फक्त चिडलेली मोजलीस? मी काय जन्मतः किंचाळत आले का रे?” आणि तिने पासवर्ड असा हाणला, की टेबलावरचे पाण्याचे पेले हिंदकळले.

‘स्वागत आहे.’

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. “बघा! चालतं! तर मग सोमवारपासून —”

“चालत नाही!” ठिणगी उठून उभी राहिली. आता ती पूर्ण पेटली होती. “याला माणूस कळत नाही, मनःस्थिती कळते! मी खुशीत आले तर परकी, चिडले तर घरची. उद्या माझी मावशी छातीत कळ येते म्हणून थरथरत्या हाताने डॉक्टर शोधेल, तेव्हा हा तिला सांगणार, बोटांना घाई नाही? हे वाक्य मी लिहिलंय! ते तिच्या तोंडावर मारण्यासाठी नाही लिहिलं मी!”

“तुम्ही बसा,” संचालक म्हणाले. “किरकोळ दुरुस्त्या नंतर होतील. कुलूप, सांगा यांना.”

सगळे त्याच्याकडे वळले. कित्येक वर्षांचं काम समोरच्या पडद्यावर ‘स्वागत आहे’ म्हणत होतं. त्याने मफलर काढून हातात घेतला.

“त्या बरोबर सांगताहेत,” तो म्हणाला. “पहारेकरी चुकतोय. देऊ नका.”

“काय बोलताय ते कळतंय का?” संचालकांचा आवाज फुटला.

“कळतंय. माणूस शांत असतानाचे नमुने घेतले, तर तोच घाबरला की बाहेर राहतो. मी ते तपासलंच नाही. मला… राग आवडायला लागला होता, म्हणून दुसरं काही सुचलं नाही.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

“घाबरलेला माणूस बाहेर राहील?”

“हो.”

“अहो, मग आमच्याकडे आत येणार कोण?” आणि त्यांनी पर्स उचलली. “आधी हे नीट करा. तोवर आमचा फोन उचलणारी बाई आहे, ती रडण्यावरून माणूस ओळखते.”

संचालक निघून जाताना त्या दोघांकडे असं बघत गेले, की नमुने घेतले असते तर पहारेकऱ्याने त्यांना जन्मभर ओळखलं असतं.

गार खोलीत ती अजून धुमसतच होती. “मूर्ख! सगळ्यांसमोर स्वतःच्या कामावर पाणी ओतलंस. आता वर्षभर पुन्हा तेच.”

“तूच म्हणालीस ना, चालत नाही.”

“मी म्हणेन रे! मी काहीही म्हणेन! तू ऐकायचं कशाला?” तिने रागानेच डोळे पुसले. “आणि… राग आवडायला लागला म्हणजे काय?”

“तेच सांगायचं होतं. काल फाटकापाशी.” तो कपाटातल्या हिरव्या दिव्यांकडे बघत बोलत होता. “आज पहिल्यांदा तू न चिडता दिसलीस. तीही आवडली. म्हणजे आता नवे नमुने लागतील… खुशीतले. आजारपणातले. झोपेतून उठलेले. पुढे मावशींसारखी बोटं सुजतील, तेव्हाचे.”

“म्हणजे भलतंच लांबलचक संशोधन हे.”

“हो.”

“माणसाच्या संमतीशिवाय नमुने घेता येत नाहीत. आमच्या विभागाचा नियम आहे.”

“मागतोय ना.”

“आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येते. तोही नियमच आहे.”

“माहीत आहे. मी रोज मागेन.”

ती त्याला बाजूला सारून यंत्रासमोर बसली. बोटं कळांवर ठेवली, आणि अगदी हळू, जपून, लाजत… ‘होय’ असं लिहिलं.

‘बोटांना घाई नाही. पुन्हा करून पाहा.’

“अगं बाई!” ती ओरडली. “इतक्या दिवसांत एकदा नीट उत्तर द्यायला बसले, तर या मेल्याला पटत नाही!” आणि तिने दोन्ही हातांनी ‘होय’ असं हाणलं, की कीबोर्डची एक कळ उडून थेट त्याच्या मफलरात जाऊन पडली.

‘स्वागत आहे,’ पहारेकरी म्हणाला.

कळ त्याने खिशात टाकली. तिथे एक वाळलेलं पान आधीपासून होतंच.