पंखाला पडलेला पीळ

"परत पिळला," खिळा म्हणाला. पंख नाकासमोर धरून त्याने एक डोळा मिटला. "डावं टोक बघ. रुसलेल्या माणसानं मान फिरवावी तसं फिरलंय."

त्याच्या बहिणीने, फिरकीने, पंख हातात घेतला. दुपारी जेवायला जाताना तो पट्टीसारखा सरळ होता. काल असंच झालं होतं, परवाही असंच. रविवारी मैदानावर सगळ्या पोरांनी घरी बनवलेली विमानं उडायची होती आणि यांच्या विमानाला अजून धड पंख नव्हता.

गेल्या सुट्टीत दोघा भावंडांनी विमानाला पातळ कागद चढवला होता. पहिल्याच झुडपाने त्याची चाळण केली आणि मैदानावरच्या पोरांनी लगेच गाणं रचलं:

कागदी अंगरखा, वाऱ्याचा सखा,
काट्याशी गाठ, फाटली पाठ.

म्हणून यंदा कागद नाही, बाल्साच्या हलक्या लाकडाचा पापुद्रा लावायचा, असं फिरकीने ठरवलं होतं. नखाएवढा पातळ पापुद्रा घ्यायचा, वरच्या अंगाला ओला बोळा फिरवायचा. ओलं अंग फुगतं आणि पापुद्रा आपणहून वाकून पंखाच्या नाकाला कवेत घेतो. मग गोंद, टाचण्या आणि वाळेपर्यंत धीर. धीर सोडून बाकी सगळं त्यांना जमलं होतं.

काम चालायचं काकांच्या लाँड्रीवरच्या लाकडी माळ्यावर. खाली सकाळी धुणं, दुपारी वाफेची इस्त्री. वर एक फटीफटींचा जुना बाक होता. त्यावर दोन विटा, विटांवर पंख. दुपारी माळ्यावर एकच माणूस असायचा, तो म्हणजे चुलतभाऊ भोपळा. दहा वर्षांचा, गोल, आणि चादरींच्या गाठोड्यावर डोकं टेकताच घोरणारा.

फिरकी ताडताड खाली उतरली. भोपळा काकूजवळ उभा होता.

"भोपळ्या, झोपेत पंखावर लोळलास ना?"

"मी बाकाजवळपण गेलो नाही, ताई."

"मग काय भुतानं पिळला?"

"मला काय माहीत? मी झोपलेलो."

"झोपलेल्याला काय कळतं कुठे लोळला ते! उद्यापासून वर येऊ नकोस."

काकू ऐकत होती. इस्त्रीवाले दोघेही ऐकत होते. भोपळ्याने खिशातून टाचण्यांची डबी काढली. पहिल्या दिवसापासून ती तोच सांभाळत होता. डबी फिरकीच्या हातात देऊन तो अंगणात निघून गेला, एरवी धपधप चालणारा, आज पाऊल न वाजवता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर कोणीच नव्हतं. चार वाजता बघतात तर पंख पिळलेला.

खिळ्याने बहिणीकडे पाहिलं, आणि फिरकी जिन्याकडे वळली.

भोपळा खाली उशांचे अभ्रे घड्या घालत बसला होता. "चल वर," फिरकी म्हणाली. "तू नव्हतास, कळलं मला."

"मग कोण होतं?"

"ते अजून कळलं नाही."

"ते कळू दे आधी," भोपळा मान वर न करता म्हणाला. "नाहीतर उद्या काही मोडलं की परत माझंच नाव."

म्हणणं सरळ होतं, म्हणूनच ते फिरकीला जास्त लागलं. आता पंखाचं नंतर बघू, आधी भोपळ्याच्या नावावरचा डाग पुसायचा, असं तिने मनाशी पक्कं केलं.

नवा पापुद्रा एकच उरला होता, म्हणून लाकूड नेमकं कुठे पिळतं ते बघायला तिने उरलेले तुकडे घेतले. एक खिडकीत ठेवला, एक कपाटावर, दोन बाकाच्या दोन टोकांना. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर ती आणि खिळा गाठोड्याआड दबा धरून बसले. खाली इस्त्रीने फुस्स केलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खिळ्याला जांभई आली.

"बघ, बघ," फिरकीने त्याला कोपराने ढोसलं.

बाकाच्या डाव्या टोकावरच्या तुकड्याच्या कडा वर उचलल्या जात होत्या. हलकेच, ओंजळ धरावी तशा. बाकीचे तुकडे गप्प पडून होते.

"वारा असेल," खिळा पुटपुटला.

"वाऱ्यानं उडेल, वाकेल कशाला? ओलं अंग फुगतं आणि लाकूड कोरड्या अंगाकडे वळतं. कडा वर आल्या, म्हणजे ओल खालून येतेय."

दोघं बाकाखाली सरपटत गेले. तिथे जमिनीच्या दोन फळ्यांमध्ये फट होती. फिरकीने तळवा धरला तर झोपलेल्या गाईच्या श्वासासारखी ऊब लागली. खिळ्याने फटीतून डोकावलं. खाली वाफेचा पाइप होता आणि त्याच्या सांध्याला फडकं गुंडाळलेलं. पाइपाशेजारच्या तुळईत त्याने पेन्सिल टोचली. साबणात जावी तशी ती आत गेली.

"खाली कोण बसतं माहितीये?" त्याचा आवाज उतरला. "काकू."

काकांना सांगितलं, तर ते हसले. "सांधा जरा सुस्कारे टाकतो, एवढंच. फडकं बांधलंय मी. पुढच्या आठवड्यात फिटरला बोलावू."

"तुमचा पुढचा आठवडा गेल्या वर्षापासून चालत येतोय," काकू म्हणाली. "अजून पोचला नाही."

फिरकीला काकांची खोड ठाऊक होती. पैज म्हटली की त्यांना राहवत नसे. "काका, मी हात न लावता लाकूड वाकवून दाखवते. जमलं तर फिटर आज."

"आणि नाही जमलं तर?"

"आठवडाभर गिऱ्हाइकांचे सगळे मोजे मी जोड्या लावून ठेवीन."

"ठरलं," काका म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. बाकासमोर मांडी घालून बसले. फिरकीने बाकाच्या डाव्या टोकावर कोरडा तुकडा ठेवला आणि त्याच्या कडा उचलू लागल्या.

"फुंकर मारतेस तू."

"मग तुम्हीच नवा ठेवा. मी जिन्यात उभी राहते."

काकांनी ठेवला. तोही उचलला. काकांच्या भुवया त्याच्याबरोबर वर गेल्या. खिळ्याने पेन्सिल पुढे केली. काका बाकाखाली शिरले, आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला तो हसरा नव्हता.

"बॉयलर बंद करा रे! आणि ए, तू त्या टेबलापासून आधी बाजूला हो!" हे काकूला होतं.

संध्याकाळपर्यंत फिटर आला, पाठोपाठ सुतार. सुताराने तुळई ठोकून पाहिली आणि मान हलवली. "अर्धी गेलीय. अजून दोन महिने, आणि माळ्यावरचं कपाट वहिनींच्या टेबलावर आलं असतं. कुणी हेरलं?"

"आमच्या फिरकीनं," काका म्हणाले. "शाबास पोरी. मी वर्षभर कानाडोळा केला आणि तू चार ढलप्यांवर पकडलंस. माग काय हवं ते."

सगळे तिच्याकडे बघत होते. दाराशी भोपळाही उभा होता.

"मागायचं नाही, सांगायचंय," फिरकी म्हणाली. तिचे कान तापले. "पंख भोपळ्यानं पिळला, असं मी इथेच सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते खोटं होतं. मी न बघताच बोलले. काकांनी न बघता फडकं गुंडाळलं, तसंच."

काका उगाच कॉलर नीट करू लागले.

"आणि मी लोळतही नाही," भोपळा म्हणाला. "एका कुशीवर झोपतो. आईला विचार."

"खरंय बाई," काकू म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मग कुणालाच आवरेना.

फिरकीने टाचण्यांची डबी पुढे केली. भोपळ्याने ती उघडली, एक-एक टाचणी तपासली, आणि मगच खिशात टाकली.

शेवटचा पापुद्रा काकूच्या कोरड्या खोलीत चढला आणि सुतासारखा सरळ वाळला. रविवारी मैदानावर फिरकीने विमान भोपळ्याच्या हातात दिलं.

"मी फेकू? चुकलं तर?"

"तर चुकेल."

भोपळ्याने श्वास घेतला, चार पावलं धावला आणि हात सोडला. विमान सरळ निघालं, पोरांच्या डोक्यांवरून, कुंपणावरून, पार उतारापर्यंत. भोपळा त्याच्यामागे धपधप पळत सुटला. त्याच्यामागे फिरकी धावली, आणि त्याला गाठायची तिला मुळीच घाई नव्हती.