तीन नंबरचा पोर्ट

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक बारीकशी जागा सोडून. ती शेवटी सांगेन. त्या कामावर मी एकटाच गेलो होतो. म्हणजे मेहुणा होता बरोबर, पण त्याला मोजायची पद्धत आमच्या घरात नाही. निघताना बायको मात्र म्हणाली होती, "माझा भाऊ जसा नेताय तसाच परत आणा."

खोक्यांचा कारखाना, सुट्टीचा दिवस, भर दुपार. पुठ्ठ्याचा आणि खळीचा कुबट वास. ऑफिसमागच्या बोळात व्हॉइस राऊटर टांगलेला. इंटरनेटवरून आलेला आवाज साध्या फोनांना वाटून देणारा, पुस्तकाएवढा डबा. चार पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची भोकं, आणि चार वायरी. एक नंबर मालकांच्या ऑफिसात, दोन नंबर फाटकावर रखवालदाराकडे, तीन नंबर पॅकिंगमध्ये, चार नंबर बोळाच्या टोकाला गोदामात. तक्रार तीनची. फोन आपोआप वाजायचा आणि उचलणारा मार खायचा.

"नाटकं हो, मेस्त्री," मालक म्हणाले. "स्वतःच आपटून घेतात. सुट्टी हवी असते."

पॅकिंगचा माणूस जबडा मोडून दवाखान्यात पडला होता. त्याचे दात अजून टेबलाखाली होते. रिसीव्हरला केस चिकटलेले.

"आणि माझ्या फोनला हात लावू नका," ऑफिसचं दार लावून घेताना मालक म्हणाले. "तो चांगला आहे."

मी वायरींना नंबराच्या चिठ्ठ्या डकवल्या. आकडे चांगले बोटभर, कारण चष्मा घरी विसरणं हा माझा नेम. मग आमची नेहमीची युक्ती: तीन आणि चारच्या वायरींची अदलाबदल. बिघाड पॅकिंगच्याच फोनवर राहिला तर वायर किंवा फोन खराब. गोदामात गेला तर पोर्ट खराब. मेहुण्याला गोदामात बसवलं.

"दाजी, वाजला तर उचलू का?"

"नको. गाणं म्हणून दाखव त्याला."

अदलाबदल केली. तीनचा दिवा लाल झाला. गोदामात घंटी वाजली, एकदाच.

"हॅलो... दाजी... कुणीतरी श्वास घेतंय... फोनमध्ये नाही हो, इथे..."

मग ठोका. ओल्या पुठ्ठ्यावर हातोडी पडावी तसा. पुन्हा. पुन्हा. लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं: पोर्टच खराब. निदान अचूक.

मग गोदामाच्या जाळीच्या दारातून आत दिसलं. फोनची वायर त्याच्या गळ्याभोवती, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, आणि रिसीव्हर कुणी न धरता वर जातोय, खाली येतोय. नाकाच्या जागी नाक उरलं नव्हतं.

मी तीनमधली वायर उपटली. ठोके थांबेनात. दिवा लालच. त्या भोकाला रिकामं राहायचं नव्हतं. चष्मा नाही, डोळ्यांत घाम. हाताला लागली ती दुसरी वायर ओढली आणि तीनमध्ये खुपसली.

गोदामात धप्प झालं. मेहुणा खाली पडून खोकत होता.

आणि ऑफिसात घंटी वाजली.

मालक ओरडले. बराच वेळ ओरडले. दार आतून बंद होतं. रखवालदाराने आणि मी ते फोडलं तेव्हा रिसीव्हर त्यांच्या घशात अर्धा गेला होता आणि गाल कानापर्यंत फाटले होते. छतावरून थेंब पडत होते.

मेहुणा जगला. नाक नवीन बसवलंय. बायको म्हणते, आधीपेक्षा बरंच म्हणायचं.

रखवालदाराने मला एक गोष्ट दाखवली. मालकांच्या फोनची भिंतीपर्यंतची वायर काढलेली होती. नीट गुंडाळून, रबर लावून, खणात. वर धूळ बसलेली. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मग त्यांचा फोन वाजला कसा? मला विचारू नका. हे मी बनवलेलं नाही.

बनवलंय ते एवढंच: 'हाताला लागली ती वायर'. बोटभर आकड्यांतले एक आणि दोन मला चष्म्याशिवायही वाचता येतात.