काळ्या गाडीवरचा पंजा

नामा कोन गावच्या रस्त्याला पत्र्याच्या सावलीत गाड्या धुवायचा. धुतलेल्या गाडीला ऊन लागू द्यायचा नाय. बोरचं पाणी अंगावर सुकलं की पांढरे डाग धरतात, पुढं रंगच खातात.

दापोड्याचा काळूराम गोडाऊनवाला. बोलायच्या आधी हात उचलणारा माणूस. त्यानं नवी काळी गाडी आणली, सोबत पाण्याचे ड्रमपण.

"माझ्या बोरचं पाणी हाय. यानंच धू."

ती बोर त्यानं गोडाऊनमागं, बुजवलेल्या विहिरीतच मारलेली. विहीर बुजवली तेव्हाच त्याची भावजय काशी गायब झालेली. जमिनीच्या कागदाला अंगठा देत नव्हती बाई. गावाला सगळं ठाऊक. विचारतो कोण?

नामानं गाडी धुतली, कोरडी पुसली. दुपारी काळूराम परत आला तो नामाच्या कानाखाली वाजवतच.

"हे काय रे भाड्या?"

दारावर पांढरा डाग.

"उद्या पोरीची हळद हाय. डाग दिसला तर दोनी हात मोडीन. मग पूस पायानं!"

नामानं बाटलीतल्या आंबट सिरक्यात पाणी घातलं, मऊ फडक्यानं हळूहळू चोळलं. डाग गेला. फडकं पिळून वळतो तर पुन्हा तिथंच. आता नीट दिसत होता. पंजा. बोटं चारच. काशीची करंगळी कापडाच्या लूममधे तुटून गेलेली.

"शेट, यो पाण्याचा डाग न्हाय."

"मग कसला?"

"तुमी वळखता."

काळूरामानं जॅकची दांडी उचलली. नामाचं उजवं मनगट काटकीसारखं मोडलं. मग काळूराम गाडीच्या दारावरच तुटून पडला, शिव्या देत, पत्रा चेपेपर्यंत. धापा टाकत आत बसला, काचा वर केल्या.

गाडी सुरू झालीच नाय.

काचा आतून धुरकटल्या. आत काळूराम लाथा मारत होता. नामानं डाव्या हातानं दार ओढलं. हलेना.

मग लाथा थांबल्या. दार आपसूक उघडलं.

सीट कोरडी ठाक. काळूरामाच्या तोंडातून गढूळ पाणी वाहत होतं.

डॉक्टर म्हणाले, बुडून मेला.

प्रेत घरी आणलं तसा नामाला निरोप आला, "डाग काढायची बाटली घेऊन ये. गळ्यावर पांढरं काय हाय, जात न्हाय."

हात प्लास्टरात, तरी नामा गेला. डाव्या हातानं फडकं भिजवून चोळलं. डाग गेला.

बाया हुश्श करतात तोवर परत उमटला. चार बोटं.

या खेपेला जास्त आवळलेली.