फोटोतला दुसरा हात

"थोड़ा मुस्कुराइए जी... रिश्तेवाले फोटो में इतना गुस्सा नहीं चलता!"

सीपरी बाजारातल्या त्या लहानशा स्टुडिओत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा अजय हसत असं म्हणाला. मी शालीतून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. आत वळलेली, निळसर बोटं. त्याचं हसू मावळलं.

"फोटो याचा हवाय," मी बोलून गेले. घाबरले की माझ्या तोंडून मराठीच येते.

स्कूटीवरून पडून माझं मनगट मोडलं होतं. खासगी रुग्णालयात घातलेलं प्लास्टर इतकं घट्ट होतं, की दुसऱ्याच दिवशी बोटं बधिर झाली. "सूजन है, उतर जाएगी," म्हणत त्यांनी चार दिवस ते कापलं नाही. हात कायमचा अधू झाला. माझे हार्मोनियमचे वर्ग बंद पडले. रुग्णालयाच्या कागदांवर मात्र सगळं ठीक होतं! आम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली, तेव्हा आमच्या वकील क्षमाताई म्हणाल्या, "कागद त्यांचे आहेत, शलाका. फोटो आपले असू देत. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, शेजारी मोजपट्टी ठेवून."

म्हणून दर पंधरा दिवसांनी मी अजयकडे जायची... पुढेपुढे तर दिवस मोजून.

तो मूळचा जवळच्याच मऊरानीपूर गावचा. घरी बुंदेली बोलणारा. माझ्याकडून मराठी शिकायचा.

"हात... थंडा आहे?"

"थंड."

"थंड आहे. मी पकडू?"

"फोटो काढ आधी," मी म्हणायची, पण हात मागे घ्यायची नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी स्टुडिओच्या गच्चीवर ऊन खात आम्ही चहा पीत होतो. त्यानं कॅमेरा टायमरवर लावला आणि धावत येऊन शेजारी बसला. दोन्ही हातांनी धरलेला ग्लास माझ्या बोटांतून निसटला... त्यानं खालून तळवा लावला, मी खळखळून हसले, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

सुंदर आला होता. अपघातानंतर मी स्वतःला पहिल्यांदाच आवडले.

"शोकेसमध्ये लावू?" त्यानं विचारलं.

"लाव. पण तू आणि तुझा हात दिसता कामा नये. बाबा रोज याच रस्त्यानं जातात." बाबा रेल्वेत, त्यांच्या नोकरीमुळेच आम्ही या हिंदी मुलखात. माझ्यासाठी नागपूरचं एक स्थळ बघत होते.

अजयनं स्क्रीनवर फोटो कापला. "लो, हम गायब," तो म्हणाला. मला तेव्हा त्याची गंमत वाटली.

सुनावणीच्या दिवशी हाताचे फोटो आपणच काढले, हे सांगायला अजय आला होता. एकेक फोटो समोर ठेवला गेला. तारखेगणिक बोटं आत वळत गेलेली स्पष्ट दिसत होती. मग रुग्णालयाच्या वकिलांनी शोकेसमधल्या त्या फोटोची प्रत पुढे केली.

"ये भी इन्हीं की खींची हुई है. देखिए, मैडम दोनों हाथों से आराम से ग्लास पकड़े हैं."

अध्यक्षांनी अजयला विचारलं, "ग्लास को किसी और का सहारा था?"

अजयनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी बाबा बसले होते. मी नुसतं 'हो' म्हणून मान हलवायची होती... मी मान नकारार्थी हलवली. अगदी किंचित.

"नहीं," अजय म्हणाला.

निकालात रुग्णालयाचा हलगर्जीपणा मान्य झाला, पण हात कायमचा निकामी झाल्याचं सिद्ध होत नाही असं म्हटलं होतं. खरं आता सांगावं, तर अजय खोटा ठरणार आणि त्यानं काढलेले सगळे फोटोही.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेले. तो सामान बांधत होता. भोपाळला मावसभावाकडे निघाला होता.

"माझ्यामुळे तू खोटं बोललास," मी म्हटलं.

"तू मना केलं, म्हणून 'नाही' बोललो." तो दोरीची गाठ मारत राहिला. "पण मला वाटलं होतं... तू हो म्हणशील."

"अजय, माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"मला माहीत होतं, शलाका." आता त्यानं वर पाहिलं. किती स्वच्छ मराठी बोलला तो! "मला नाही, त्या दिवशी तिथं सगळ्यांसमोर सांगायचं होतंस."

तो गेल्यावर आठवड्यानं जेवताना मला रडू फुटलं आणि मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी घास ताटात ठेवला. माझ्या हाताकडे पाहिलं.

"अगं, मुलगा चांगला होता," ते म्हणाले. "तू मला एकदा विचारलंस तरी का?"